जावामध्ये पहिली वेब सेवा आणि तिचा क्लायंट: सुरुवात नुसत्या जेडीकेपासून

जावा भाषा येते, पण वेब सेवा कधी लिहिलेली नाही, अशा व्यक्तीच्या हातात बहुधा थेट एखादे मोठे फ्रेमवर्क दिले जाते. चार अॅनोटेशने लिहिली की सेवा चालू होते आणि ब्राउझरमध्ये उत्तरही दिसते. मात्र विनंतीत नेमके काय होते, उत्तरासोबत कोणते हेडर (मजकुराविषयी माहिती देणाऱ्या ओळी) गेले, चूक झाली तेव्हा ती कोणी पकडली, यांपैकी काहीच डोळ्यांखालून गेलेले नसते. त्यामुळे पहिला बिघाड होताच माणूस अडून बसतो. पहिली सेवा आणि तिच्याकडे विनंती पाठवणारा पहिला क्लायंट हे दोन्ही बाहेरची एकही लायब्ररी न घेता, नुसत्या जेडीकेवर, म्हणजे जावाच्या मूळ विकास-संचावर, लिहावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लागणारा, एचटीटीपी ही वेबवरच्या विनंती-उत्तरांची पद्धत बोलणारा लहानसा सर्व्हर २००६ साली आलेल्या जावा ६ पासून जेडीकेमध्ये आहे, आणि चांगला क्लायंट २०१८ च्या जावा ११ पासून आहे. एका सुटीच्या दिवसात दोन्ही लिहून होतात.

या लेखात जावामधील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन अक्षरांत लिहायची असतात आणि तेथे लहान व मोठ्या अक्षरांतला फरक महत्त्वाचा असतो, म्हणून टंकताना एडिटरने सुचवलेले नाव निवडणे सोयीचे ठरेल.

उदाहरण म्हणून पावसाच्या नोंदींची सेवा घेऊ. आपल्याकडे सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत आहे. केंद्रावरचा माणूस तो आकडा क्लायंटमधून पाठवील, सेवा तो जपून ठेवील, आणि कोणीही केंद्र व तारीख सांगून तो परत मागू शकेल. सेवेचे काम एवढेच आहे. पण वेब सेवेतल्या बहुतेक साऱ्या अडचणी एवढ्यातच भेटतात.

तयारी

जेडीके २१ किंवा त्यापुढची आवृत्ती बसवावी. २१ ही सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली, दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती आहे. जेडीके वेगवेगळ्या संस्था तयार करून देतात; टेमुरिन, कोरेटो किंवा ओरॅकलची स्वतःची, यांपैकी कोणतीही चालेल. नवी आवृत्ती घेण्याचे मराठी माणसाला एक खास कारण आहे: जावा १८ पासून युटीएफ-८ हे मूळचेच वर्णसंकेतन झाले, त्यामुळे विंडोजवर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा जुना त्रास पुष्कळ कमी झाला. शिवाय जावा ११ पासून एका फाइलीतला प्रोग्रॅम वेगळा संकलित न करता थेट जावा आज्ञेने चालवता येतो. म्हणून सुरुवातीला मेव्हन किंवा ग्रेडल ही लायब्रऱ्या जोडणारी साधने नकोत. एक फाइल सर्व्हरची, एक क्लायंटची आणि शेजारी दोन टर्मिनल एवढे पुरते.

आधी पत्ते ठरवावेत

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर पत्ते लिहून काढावेत. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात ज्या रचनेला रेस्ट हे नाव दिले, तिच्यातली व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट ही की प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असावा आणि त्या वस्तूचे काय करायचे ते एचटीटीपीच्या क्रियापदाने सांगावे. आपल्याकडे वस्तू एकच आहे: एका केंद्राची एका दिवसाची नोंद. म्हणून पत्ता असा: पाऊस, मग तिरपी रेघ, केंद्राचा क्रमांक, पुन्हा तिरपी रेघ, आणि शेवटी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख. याच पत्त्यावर गेट म्हटले की नोंद मिळावी आणि पुट म्हटले की ती लिहिली जावी.

येथे दोन निर्णय मुद्दाम घेतले आहेत. पहिला, पत्त्यात गावाचे नाव न घालता क्रमांक घातला. मी पूर्वी एका कामात गावाचे मराठी नाव हीच किल्ली धरली होती, आणि ‘कऱ्हाड’ विचारले की सेवा नोंद नाही म्हणून सांगत असे, जरी यादीत कऱ्हाड डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. कारण सापडायला पूर्ण दुपार गेली. यादीतले नाव एका कळफलकावर टंकले होते, विचारणाऱ्याचे दुसऱ्यावर. एकाने त्या अर्ध्या र-साठी ऱ हे स्वतंत्र युनिकोड अक्षर आणि हलन्त वापरला. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे, पण जावाच्या स्ट्रिंगमध्ये पहिल्याची लांबी ६ आणि दुसऱ्याची ७. अर्थात इक्वल्स ही मेथड त्यांना वेगळे ठरवते. नॉर्मलायझर क्लासने नुक्त्याचे भेद मिटतात, हा मिटत नाही. म्हणून मराठी नाव ही माहिती म्हणून जपावी. ओळख पटवण्यासाठी क्रमांक किंवा संकेतांक असावा.

दुसरा निर्णय पोस्ट या क्रियापदाऐवजी पुटचा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर नेटवर्क जाते-येते. क्लायंटने आकडा पाठवला, सेवेने तो लिहिला, पण ‘लिहिला’ हे उत्तर वाटेतच हरवले, असे नेहमी घडते. मग क्लायंट तोच आकडा पुन्हा पाठवतो. पोस्टने येणारी प्रत्येक विनंती नवी नोंद समजून बेरीज करणारी सेवा असेल, तर त्या गावात दुप्पट पाऊस पडल्याचे दिसेल. पुटचा अर्थच मुळी ‘या पत्त्यावर हे ठेवा’ असा असल्याने तीच विनंती दहा वेळा आली तरी नोंद एकच राहते.

सर्व्हर

एचटीटीपी-सर्व्हर क्लासच्या क्रिएट मेथडला पत्ता व पोर्ट द्यावा लागतो. पोर्ट म्हणजे यंत्रावरचा सेवेचा दार-क्रमांक; तो ८०८० घ्यावा. नुसता पोर्ट दिला तर सेवा यंत्राच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकू लागते. शिकताना ती फक्त आपल्याच यंत्रावर राहावी म्हणून इनेट-सॉकेट-अॅड्रेसला लूपबॅक, म्हणजे यंत्राचा स्वतःकडेच वळणारा, पत्ताही द्यावा. ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशा अर्थाचा बाइंड एक्सेप्शन आला तर मागचा प्रोग्रॅम दुसऱ्या टर्मिनलमध्ये अजून चालू आहे असे समजावे.

त्यानंतर क्रिएट-कॉन्टेक्स्टने पत्त्याचा आरंभ आणि त्यासाठीचा हँडलर नोंदवायचा. कॉन्टेक्स्ट पत्त्याच्या सुरुवातीवरून जुळवला जातो, संपूर्ण पत्त्यावरून नव्हे, त्यामुळे उरलेला भाग आपणच तिरप्या रेघांवर तोडून तपासायचा असतो. क्रमांक पूर्णांक आहे का, तारीख लोकल-डेटच्या पार्स मेथडला पचते का, हे पाहावे. नसेल तर ‘विनंतीच चुकीची’ या अर्थाचा स्टेटस (उत्तराचा सांकेतिक आकडा) ४०० द्यावा. स्टार्ट म्हणण्यापूर्वी सेट-एक्झिक्युटर विसरू नये. तो न दिल्यास सर्व विनंत्या एकाच थ्रेडवर, एकामागून एक हाताळल्या जातात, आणि एक विनंती रेंगाळली की बाकीच्या ताटकळतात. जावा २१ मधील व्हर्च्युअल थ्रेडचा, प्रत्येक कामाला स्वतंत्र थ्रेड देणारा एक्झिक्युटर येथे एका ओळीत बसतो. मात्र अनेक थ्रेड आले की नोंदींचा साठा साध्या हॅश-मॅपमध्ये ठेवता येत नाही, कॉन्करंट-हॅश-मॅप घ्यावा.

हँडलरच्या हाती जो एक्सचेंज येतो, त्यात विनंती आणि प्रतिसाद दोन्ही असतात. क्रियापद गेट असेल तर मॅपमधून नोंद काढावी. नसेल तर ‘सापडले नाही’ या अर्थाचा ४०४ द्यावा. पुट असेल तर मजकूर पूर्ण वाचून त्याचा आकडा करावा. या कामी डबल-पेक्षा बिग-डेसिमल मला अधिक योग्य वाटतो. एक तर ४८.५ हा आकडा तो जसाच्या तसा जपतो. दुसरे असे की केंद्रावरच्या माणसाने ‘४८.५’ देवनागरी अंकांत पाठवले तरी बिग-डेसिमल ते समजून घेतो, डबलची पार्स मेथड मात्र चूक म्हणून नाकारते. ऋण आकडा आला किंवा आकडाच नसेल तर पुन्हा ४००. कॉन्करंट-हॅश-मॅपची पुट मेथड आधीची किंमत परत देते, हे येथे फार सोयीचे पडते: ती नल असेल तर नोंद नवी आहे म्हणून २०१ पाठवावा, नसेल तर जुनी बदलली म्हणून २०४. इतर कोणतेही क्रियापद आले तर ‘हे क्रियापद येथे चालत नाही’ या अर्थाचा ४०५ आणि सोबत अलाउ हेडरमध्ये गेट व पुट ही नावे द्यावीत.

आता ज्या ओळीपाशी घोडे पेंड खाते तिच्याकडे वळू. सेंड-रिस्पॉन्स-हेडर्स या मेथडला स्टेटस आणि मजकुराची लांबी द्यावी लागते. ही लांबी बाइटांत असते, अक्षरांत नव्हे. इंग्रजी मजकुरात दोन्ही सारख्या असल्याने स्ट्रिंगची लेंग्थ दिली तरी चालून जाते आणि चूक झाकली राहते. मराठीत ती लगेच उघडी पडते: युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा व हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते, त्यामुळे ‘कऱ्हाड’ची लेंग्थ ६ असली तरी बाइट १८ होतात. ६ सांगून १८ लिहायला गेले की जेडीके ‘प्रवाहात प्रमाणाबाहेर बाइट’ अशा अर्थाचा आयओ-एक्सेप्शन फेकते आणि पूर्ण प्रतिसाद क्लायंटपर्यंत पोहोचत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गेट-बाइट्सने युटीएफ-८ चे बाइट काढावेत, मग त्या अॅरेची लांबी हेडरला द्यावी, मग तेच बाइट लिहावेत. याच मेथडला शून्य दिल्यास अर्थ ‘मजकूर नाही’ असा होत नाही, ‘लांबी आधी ठाऊक नाही, तुकड्यातुकड्याने पाठवतो’ असा होतो. मजकूर नसेल तर उणे १ द्यावे लागते. २०४ आणि रिकाम्या ४०४ साठी हे लक्षात ठेवावे. कंटेंट-टाइप हेडर या ओळीच्या आधी लावायचे असते, आणि साध्या मजकुरासाठी त्यात युटीएफ-८ चा उल्लेख हवा.

हँडलरचे सारे काम एका ट्राय-कॅचमध्ये गुंडाळावे, अनपेक्षित चूक टर्मिनलवर छापून क्लायंटला ‘सर्व्हरमध्येच चूक झाली’ या अर्थाचा ५०० पाठवावा, आणि फायनलीमध्ये एक्सचेंज बंद करावा. हे न केल्यास आपल्या कोडमधला एखादा नल-पॉइंटर क्लायंटच्या बाजूला ‘हेडर वाचणाऱ्याला एकही बाइट मिळाला नाही’ अशा अनाकलनीय संदेशाच्या रूपाने दिसतो आणि माणूस नेटवर्कवर संशय घेत बसतो.

क्लायंट लिहिण्यापूर्वी सेवा कर्लने, म्हणजे टर्मिनलवरून विनंती पाठवणाऱ्या आज्ञेने, तपासावी. हेडरही दाखवणारा आय (लहान अक्षरातला) हा पर्याय देऊन आधी नसलेली नोंद मागावी, मग पुटने एक आकडा ठेवावा, मग तीच मागावी, तारखेत तेरावा महिना घालून पाहावा. ४०४, २०१, २००, ४०० हे चारही आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्लायंट

एचटीटीपी-क्लायंट हा क्लास जावा नेट एचटीटीपी या पॅकेजात आहे. त्याची एकच वस्तू तयार करून प्रोग्रॅमभर वापरावी. प्रत्येक विनंतीला नवी केली तर उघडलेल्या जोडण्या पुन्हा वापरण्याचा लाभ मिळत नाही. तयार करतानाच जोडणीची मुदत द्यावी, ५ सेकंद पुष्कळ झाले. विनंतीच्या बिल्डरवर प्रतिसादाची मुदत वेगळी द्यावी लागते. यांपैकी कोणतीही मुदत आपोआप लागत नाही, आणि मी पाहिलेल्या नवशिक्या क्लायंटांमधली सर्वांत महागात पडलेली उणीव हीच आहे: समोरची सेवा गप्प बसली तर मुदत नसलेला क्लायंटही तिच्यासोबत अमर्याद गप्प बसतो, त्याचा थ्रेड अडकतो, आणि हळूहळू त्याच्यावर अवलंबून असलेले सारे काम थांबते.

विनंतीत यूआरआय, अॅक्सेप्ट हेडर आणि क्रियापद द्यायचे. पुटसाठी बॉडी-पब्लिशर्सची ऑफ-स्ट्रिंग मेथड मजकूर युटीएफ-८ मध्येच पाठवते. पुढे कधी प्रश्नचिन्हानंतरच्या भागात मराठी शब्द पाठवायची वेळ आली, उदाहरणार्थ नावाने शोध, तर तो शब्द यूआरएल-एन्कोडरमधून काढल्याशिवाय जोडू नये. सर्व्हरच्या बाजूला रॉ-क्वेरी घेऊन आधी तोडावी आणि मग प्रत्येक तुकडा डिकोड करावा. उलट क्रमाने केल्यास नावातच आलेले अँड चिन्ह साऱ्या क्वेरीचा विचका करते.

सेंड मेथडकडून आलेल्या प्रतिसादाचा स्टेटस पाहणे ही आपली जबाबदारी आहे. ४०४ किंवा ५०० आला तरी एचटीटीपी-क्लायंट एक्सेप्शन फेकत नाही. त्याच्या दृष्टीने उत्तर व्यवस्थित आलेले असते. एक्सेप्शन येतो तो उत्तरच आले नाही तेव्हा. म्हणून क्लायंटमध्ये तीन वाटा स्पष्ट लिहाव्यात. २०० च्या घरातला स्टेटस आला तर काम झाले. ४०० च्या घरातला आला तर आपण पाठवले तेच चुकले आहे, तीच विनंती पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, वापरणाऱ्याला कारण सांगावे; ४२९ हा स्टेटस मात्र फार घाई होत असल्याची सूचना असल्याने तो अपवाद धरावा. ५०० च्या घरातला आला किंवा आयओ-एक्सेप्शन मिळाला तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा: १ सेकंद, मग २, मग ४, आणि मग थांबून आकडा फाइलीत जपून ठेवावा. पुट निवडल्याचे फळ येथे मिळते, कारण पुन्हा पाठवण्याने नोंद बिघडण्याची भीती उरत नाही. सर्व्हरच्या हँडलरमध्ये मुद्दाम १० सेकंद झोप घालून क्लायंट मुदतीत परत येतो का, आणि सर्व्हर बंद करून क्लायंट चालवला तर तो आकडा हरवत नाही ना, हे दोन्ही प्रयोग करावेतच.

रीडायरेक्टबद्दल, म्हणजे ‘ही वस्तू दुसऱ्या पत्त्यावर आहे’ अशा उत्तराबद्दल, एवढेच, की हा क्लायंट सांगितल्याशिवाय त्याच्या मागे जात नाही; बाहेरच्या सेवेकडून ३०१ किंवा ३०२ येऊ लागला तर बिल्डरवर तशी परवानगी द्यावी.

जेसन

नोंदीसोबत केंद्राचे नाव, तारीख आणि आकडा एकत्र द्यायचा झाला की साधा मजकूर अपुरा पडतो आणि जेसन (नाव-किमतीच्या जोड्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) लागते. जेडीकेमध्ये जेसन वाचण्या-लिहिण्याची सोय नाही. स्ट्रिंग जोडून जेसन तयार करण्याचा मोह टाळावा, कारण एखाद्या शेऱ्यात अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ आली की ते मोडते. पहिली बाहेरची लायब्ररी घ्यायची ती येथे, जॅक्सन किंवा जीसन, आणि मेव्हनही याच टप्प्यावर आणावे. नोंदीसाठी जावा १६ पासून कायम झालेला रेकॉर्ड वापरला तर क्लास दोन ओळींत होतो, आणि जॅक्सनचा ऑब्जेक्ट-मॅपर त्याचे जेसन थेट करतो व जेसनपासून रेकॉर्डही बनवतो. सर्व्हर व क्लायंट या दोघांनी अनोळखी क्षेत्र दिसले तर ते सोडून पुढे जावे असे ठरवून ठेवावे. अन्यथा सेवेने उद्या एक नवे क्षेत्र जोडले की जुने क्लायंट कोसळतील.

सोप आणि जुनी मार्गदर्शने

जावामधील वेब सेवांविषयी शोध घेतला की आजही सोप या एक्सएमएलच्या पाकिटांतून बोलणाऱ्या जुन्या पद्धतीसाठी जॅक्स-डब्ल्यूएस वापरणारी जुनी मार्गदर्शने समोर येतात: क्लासवर वेब-सर्व्हिस हे अॅनोटेशन, एंडपॉइंटची पब्लिश मेथड, आणि सेवेचे वर्णन असलेल्या डब्ल्यूएसडीएल फाइलीपासून क्लायंट तयार करणारी डब्ल्यूएस-इम्पोर्ट आज्ञा. जावा ६ ते १० मध्ये हे सारे जेडीकेतच मिळत असे. जावा ९ मध्ये ते मोडीत काढण्यासाठी चिन्हांकित झाले आणि जावा ११ मध्ये काढून टाकले. म्हणून ते उदाहरण आज जसेच्या तसे चालवल्यास पॅकेज सापडत नाही असा संदेश येतो. वाचकाचे तेथे काही चुकलेले नसते.

बँका, विमा आणि सरकारी विभागांकडे जुन्या सोप सेवा अजून चालू आहेत, आणि त्यांच्याशी बोलणारा क्लायंट लिहायची वेळ येऊ शकते. तेव्हा मेव्हनमध्ये जॅक्स-डब्ल्यूएस-आरटी ही लायब्ररी जोडावी आणि डब्ल्यूएसडीएलपासून क्लास तयार करण्याचे काम तिच्याच मेव्हन प्लगइनकडे सोपवावे. सोपची पाकिटे हाताने लिहीत बसू नये. आवृत्ती निवडताना एक पथ्य कसोशीने पाळावे. २.३ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये पॅकेजांची नावे जावाएक्स या शब्दाने सुरू होतात, ३.० पासून जकार्ता या शब्दाने, कारण हे तंत्रज्ञान ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर नावे बदलावी लागली. एकाच प्रकल्पात दोन्ही मिसळली तर कोड संकलित होतो, पण अॅनोटेशने ओळखली जात नाहीत आणि सेवा दिसतच नाही.

फ्रेमवर्ककडे जाताना

हाताने लिहिलेला सर्व्हर ४०० ओळींच्या पुढे गेला, पत्ते तोडण्याचा कोड तीनदा लिहावा लागला, किंवा लॉगिन आणि डेटाबेस आले, की फ्रेमवर्क घ्यावे. जर्सी या फ्रेमवर्कमध्ये पाथ, गेट आणि पाथ-पॅरम ही अॅनोटेशने आपण हाताने केलेले पत्ता तोडण्याचे काम करतात. स्प्रिंग बूट या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये तेच गेट-मॅपिंग व पाथ-व्हेरिएबल करतात. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतो आणि त्यातली नावे जकार्ताची आहेत, म्हणून २ साठी लिहिलेली उदाहरणे त्यात उतरवताना आयात ओळी तपासाव्यात. आपली पावसाची सेवाच त्यात पुन्हा लिहावी आणि आधीचा क्लायंट एक अक्षरही न बदलता तिच्यावर चालवावा. कऱ्हाडचे नाव पूर्ण यावे, नवी नोंद २०१ आणि बदललेली २०४ देऊन जावी, तेराव्या महिन्याला ४०० मिळावा. यांपैकी जे जुळणार नाही, ते नव्या फ्रेमवर्कमध्ये कोठे बसवायचे हे त्याच दिवशी शोधून काढावे.